तीन वाजताचा ढग

२ डिसेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींचं. ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, दादांना रजा मिळत नसेल, नाहीतर ते आलेच असते. अपघाताला आज अठरा दिवस झाले आणि तुझ्या डोंगरावरून इथे यायला बसने पाच तास लागतात, एवढंच मनात आलं.

ह्यांच्या उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी जोडलंय. डॉक्टर म्हणतात, चालतील. ह्यांच्या विमानात मागे बसलेल्या नर्सबाईंचं मात्र काही सांगता येत नाही. वरच्या वस्त्यांवर लसी घेऊन निघाल्या होत्या. कमरेखाली त्यांना अजून काही जाणवत नाही. त्यांची आई रोज डबा घेऊन आमच्या खाटेजवळून पुढे जाते आणि ह्यांच्याकडे बघत नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा चौकशी अधिकारी येऊन गेले. हळू आवाजात बोलणारा, नेमका माणूस. त्यांनी विचारलं, डोंगरमाथ्यावर ढग असताना तुम्ही खिंडीत शिरलात कसे. हे म्हणाले, दरीभर ढगांची चादर होती, मी तिच्याखाली होतो, मला माथा दिसतच नव्हता. म्हणून तीन वाजता वेधशाळेला रेडिओवरून विचारलं आणि उत्तर आलं, "माथा मोकळा आहे, या." अधिकारी म्हणाले, वेधशाळेच्या नोंदवहीत तीनच्या रकान्यात माथ्यावर ढग लिहिलेला आहे.

रेडिओवर तूच होतास ना? मग तू काय सांगितलंस ते मला दोन ओळींत कळव. फोन नको. तुमचा फोन हेडऑफिसातून जोडून घ्यावा लागतो आणि मधे कोण ऐकत बसलंय ते कळत नाही.

आणखी एक. अधिकारी म्हणाले, तो ढग भर वाऱ्यात एका जागी उभा होता. एवढ्या वाऱ्यात ढग उभा कसा राहील? मला वाटलं, ह्यात कुठेतरी पाणी मुरतंय. तू जन्म ढग बघण्यात घालवलास, तूच सांग.

बारकी

---

९ डिसेंबर
वेधशाळा

बारके,

मेव्हण्यांना म्हणावं, पायाची घाई करू नका. हाड आपल्या गतीने जुळतं.

ढगाचं आधी सांगतो. अधिकारी काही दडवत नाहीत. हवेत पाण्याची वाफ असते, ती दिसत नाही. हवा वर चढली की थंड होते आणि एका उंचीला पोचल्यावर ती वाफ धुळीच्या कणांना धरून बारीक बारीक थेंब होते. ते थेंब म्हणजे ढग. दुपारी कापसाचे ढीग येतात त्यांचे तळ बघ, सगळे एका रेषेत कापल्यासारखे. त्या रेषेखाली वाफ आणि वर थेंब.

आता वारा डोंगराला आडवा धडकला की त्याला चढण्यावाचून गत्यंतर नसतं. चढताना थंड होतो, ढग धरतो. पलीकडे उतरताना पुन्हा कोमट होतो आणि थेंब विरून जातात. म्हणजे ढग एका काठाला सतत बनतोय आणि दुसऱ्या काठाला सतत विरतोय. बघणाऱ्याला वाटतं, एकच ढग तासन्‌तास उभा आहे, भिंगासारखा गुळगुळीत. वारा त्याच्या आरपार जात असतो. आपल्या जुन्या घरामागे ओढा होता, त्यात एका दगडावरून पाणी उसळायचं. ती उसळी कायम तिथेच दिसायची आणि पाणी आपलं पुढे जायचं. तसंच हे.

वारा इथे रोजचाच, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण असा ढग दिसला की समजायचं, हवेने लाट धरली आहे. मग डोंगराच्या पलीकडच्या अंगाला हवा कोलांट्या खाते आणि लहान विमान त्यात सापडलं तर पाचोळ्यासारखं आपटतं. हे प्रत्येक वैमानिकाला शिकवलेलं असतं.

रेडिओचं काय लिहू. नोंदवहीत असतं तेच मी रेडिओवर सांगतो, तेहतीस वर्षं सांगत आलो. चौकशी चालू असताना ह्याहून जास्त बोलायला आम्हाला परवानगी नाही. हा प्रश्न तुझा तुलाच पडला, की कुणी विचारायला सांगितला, तेही कळव.

तुझी वहिनी आठवण काढते.

दादा

---

१७ डिसेंबर

दादा,

दोन पानं ढगावर आणि तीन ओळी रेडिओवर. लहानपणी तुझ्या हातून काही फुटलं की तू मला असाच भूगोल शिकवायला बसायचास.

प्रश्न माझा मलाच पडला. ह्यांनी सांगितलेला नाही. त्यांना तर मी तुला लिहिते हेसुद्धा आवडत नाही. म्हणतात, दादांना कशाला ह्यात ओढायचं.

नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स आम्हाला मिळाली. काल घरी उजेडात बसून पाहिली. छापखान्यात मी दिवसभर प्रुफं वाचते, शंभर लोकांची हस्तलिखितं हाताखालून जातात. अक्षर ओळखण्यात माझी चूक होत नाही. त्या पानावर सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत पाच नोंदी आहेत आणि पाचही वहिनीच्या अक्षरात आहेत. तिचा तीनचा आकडा शेपूट खाली लांबवतो. 'ढ'चं पोट ती कधी पुरतं मिटवत नाही. तीनच्या रकान्यात लिहिलंय, 'माथ्यावर भिंगाच्या आकाराचा ढग, स्थिर.' खाली सही तेवढी तुझी, आणि ती रेघेवर नाही, रेघेच्या खाली उतरलेली.

निरीक्षक तू आहेस. वहिनी खात्याच्या नोकरीत नाही. मग सबंध पान तिच्या हातचं कसं? मला एकच अर्थ लागतो. अपघातानंतर ते पान नव्याने लिहिलं गेलं. कदाचित वरून कुणी सांगितलं असेल. कदाचित तुझ्या तोंडून चुकीचं काही गेलं असेल आणि ते निस्तरायचं असेल.

हे मी अजून कुणाला बोललेले नाही. ह्यांनाही नाही. तू काय लिहितोस त्याची वाट बघते.

बारकी

---

२८ डिसेंबर
वेधशाळा

बारके,

तुझं पत्र दोनदा वाचवलं नाही.

नोंदवहीची पानं शिवलेली असतात आणि प्रत्येकावर छापील क्रमांक असतो. अधिकाऱ्यांना मोजून घ्यायला सांग. एकही पान बदललेलं नाही. माझं मनगट दुखतं, म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. हा काही गुन्हा होत नाही. डॉक्टरने पट्टा बांधायला दिलाय.

तुझ्या पत्रातली भाषा तुझी नाही. 'निस्तरायचं असेल', 'वरून कुणी सांगितलं असेल', हे वकिलाचं बोलणं झालं. मेव्हण्यांच्या परवान्यावर गदा येते आहे, हे मला कळतं. पण म्हणून माझ्या तेहतीस वर्षांवर बोट ठेवायचं? इंजिनाच्या आवाजात एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. वैमानिकाला उतरायची घाई असली की जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. असं मी पूर्वी दोनदा पाहिलं आहे. एवढंच म्हणतो, बाकी त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

अकरा महिन्यांनी मी निवृत्त होतो. तेवढे मला सुखाने काढू दे.

दादा

---

१५ जानेवारी

दादा,

मागच्या पत्रात मी जास्त बोलले. ह्यांचं दुखणं, छापखान्यातली कामं, त्यात डोकं ताळ्यावर राहत नाही. मनावर घेऊ नकोस. मनगटाला शेक घेत जा.

ह्यांचं प्लास्टर निघालं. कुबड्यांवर गच्चीपर्यंत जातात. तू रेडिओच्या आवाजाचं लिहिलंस, ते मी ह्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, असेल तसं.

ह्यासोबत एक फोटो पाठवते. त्या दिवशी समोरच्या डोंगरावर काही गिर्यारोहक होते, त्यांच्यातल्या एकाने बरोबर तीन वाजता काढला म्हणतात. तुझ्या त्या माथ्याचाच आहे. तू सांगितलेला ढग तो हाच का, तेवढं बघून सांग. मला मेलीला ढगातलं काही कळत नाही. तू हो म्हणालास की मी अधिकाऱ्यांकडे देईन आणि हा विषय माझ्यापुरता संपवेन.

वहिनीला नमस्कार.

बारकी

---

२१ जानेवारी
वेधशाळा

बारके,

तुझं पत्र वाचून छातीवरचा दगड उतरला. आपण दोघंच उरलोय, आपल्यात तेढ नको.

वहिनी दहा तारखेपासून माहेरी गेली आहे. तिच्या आईला बरं नाही. महिनाअखेर येईल. त्यामुळे हे पत्र घाईत लिहितो, ओळी वाकड्यातिकड्या झाल्या तर हसू नकोस.

फोटो उत्तम आला आहे. हाच तो ढग. काठ बघ कसा, ब्लेडने कापावा तसा. मधे जाड आणि दोन्हीकडे निमुळता. डावीकडून वारा चढतोय, तिथे तो बनतो, उजवीकडे पातळ होत जातो. नीट पाहिलंस तर खालच्या अंगाला किंचित सावलीही दिसेल. असा स्पष्ट नमुना क्वचित सापडतो. अधिकाऱ्यांना जरूर दे, म्हणजे नोंद खरी होती हे सिद्ध होईल. आणि मेव्हण्यांनाही त्रास होऊ नये असं काहीतरी ते करतील, माणूस समजूतदार वाटतो.

पाऊण पान झालं. थांबतो.

दादा

---

२७ जानेवारी

दादा,

त्या फोटोत ढग नाही.

गिर्यारोहकही नव्हते. आमच्याकडे एक दिनदर्शिका छापायला आली होती, तिच्यासाठीचा तो फोटो. उन्हाळ्यात काढलेला. डोंगर तुझा नाही, कुठला ते मलाही माहीत नाही. वरचं आभाळ सबंध कोरं आहे, पुसलेल्या पाटीसारखं. मी मुद्दाम तसा निवडला.

तुला पकडायला निवडला, खरं तेच लिहिते. मला वाटलं होतं, तू लगेच कळवशील की हा डोंगर भलताच आहे, ह्यात काही नाही, तुला कुणीतरी फसवलं. किंवा चिडशील. काही ना काही पळवाट काढशील आणि त्यातून मला कळेल की तू किती पाण्यात आहेस. तू तर काठ, जाडी आणि सावलीसुद्धा सांगितलीस.

पत्र हातात घेऊन मी छापखान्याच्या जिन्यात बसून राहिले. आधी वाटलं, माझा भाऊ इतका निर्ढावला. मग लक्षात आलं, खोटं बोलायचं म्हटलं तरी आधी फोटो दिसावा लागतो. तुला तो दिसलाच नाही. मग एकेक आठवायला लागलं. उन्हाळ्यात आम्ही आलो होतो, तेव्हा माझ्या हातातला कप घेताना तू आधी हवा पकडलीस आणि नंतर कप. मी हसले होते. रेघेखाली उतरलेली सही. सगळं पान वहिनीच्या हातचं.

किती दिवस झाले, दादा?

आता दोन गोष्टी सांगते आणि थांबते. पहिली, हे काल कान तपासून आले. मला न सांगता, कुबड्या घेऊन, रिक्षाने. संध्याकाळी कागद माझ्यासमोर ठेवला. दोन्ही कान उत्तम आहेत. मी विचारलं, हे कशाला केलंत. म्हणाले, "दादा चुकीचं सांगणार नाहीत. मग मीच चुकीचं ऐकलं असणार. नर्सबाईंचे पाय माझ्या कानांमुळे गेले का, ते मला बघायचं होतं."

दुसरी, वहिनी दहा तारखेपासून माहेरी आहे, असं तूच लिहिलंस. मग दहा तारखेपासून आभाळ कोण बघतंय? ह्यांच्या जागी आता दुसरा वैमानिक आहे, तोही तुझ्याच शब्दावर उडणार. त्याची बायको माझ्या ओळखीची आहे.

बारकी

---

२ फेब्रुवारी
वेधशाळा

वन्सं,

मी तीस तारखेला आले. तुमचं पत्र टेबलावर उघडं होतं. तुमच्या दादांनी ते स्वतःच माझ्या हातात दिलं. म्हणाले, भिंग घेऊन उन्हात बसून वाचलंय, तरी तू एकदा मोठ्याने वाच. फोटोवर भिंग धरलं तरी त्यांना नुसता पांढरा उजेड दिसतो.

दीड वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खालच्या गावातल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, शस्त्रक्रिया करा. पण खात्याच्या नियमाने रजेला डॉक्टरचा कागद लागतो, आणि तो एकदा गेला की निरीक्षकाची जागाही गेली आणि हे घरही गेलं. तुमचे दादा म्हणाले, थोडे दिवस ढकलू. मग ते ढकलणं अंगवळणी पडलं. दर तीन तासांनी मी अंगणात उभी राहायची, दिसेल ते ओरडून सांगायची आणि ते त्याचा अर्थ लावायचे. आभाळाचे आठ भाग करून त्यातले किती झाकले ते मोजायला त्यांनीच मला शिकवलं. पुढे पुढे मीच लिहायला लागले. मनगटाला काहीही झालेलं नाही.

त्या दिवशी बाराची नोंद लिहून मी दात काढून घ्यायला खाली गेले. तीनपर्यंत येते म्हणाले होते, दवाखान्यात गर्दी होती, अर्धा तास उशीर झाला. बस वळणावर आली तेव्हा खिडकीतून ढग दिसला. चकचकीत, माथ्यावर ठेवल्यासारखा. आत आले तर तीनचा रकाना कोरा. माझ्या तोंडात कापसाचा बोळा, मला धड बोलता येत नव्हतं. मी काही विचारलं नाही, दिसलं ते लिहून टाकलं. मला वाटलं, उशीर झाला तरी नोंद खरी असावी. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी फोन वाजला. मग कळलं की रेडिओवर त्यांनी मोकळा म्हणून सांगितलं होतं. खाली पांढरी चादर, वर ऊन, त्यांना सगळीकडे एकसारखं पांढरं दिसत होतं. ढग असेल तर कुठेतरी कड दिसेल, असं त्यांना वाटलं.

त्या नोंदीने भावोजींचा गळा धरला जाईल हे तेव्हा मनात आलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. नंतर कळलं तरी गप्प राहिले, तेवढा दोष माझा. माझ्या गैरहजेरीत ते रोज 'हवामान खराब' कळवत होते, म्हणजे कुणी उडणारच नाही. वरच्या दोन वस्त्यांना तीन आठवडे औषधं गेली नाहीत.

तुम्हाला गप्प बसा म्हणायला हे लिहिलेलं नाही. दोन दिवस ते एवढंच विचारतात, "खरंच कान तपासून आले का ते?" तीन वेळा विचारून झालं.

तुमची वहिनी

---

१६ फेब्रुवारी
खालचं गाव

बारके,

हे मी माझ्या हाताने लिहितोय, अक्षरं मोठी काढून. वहिनी शेजारी बसली आहे, पण तिला बघू देत नाही.

तीन तारखेला सकाळी हेडऑफिसला फोन लावला आणि सांगितलं, मला दिसत नाही, माझ्या जागी आजच माणूस पाठवा. पलीकडच्या कारकुनाने विचारलं, आजपासून दिसत नाही का. मी म्हटलं, दीड वर्षापासून. संध्याकाळपर्यंत दुसरा निरीक्षक जीपने आला. कोवळा आहे, पण डोळे चांगले आहेत.

काल चौकशीपुढे उभा राहिलो. तू मुद्दाम आली नव्हतीस, हे मला कळलं आणि तुझं बरोबरच होतं. मेव्हणे आले होते. रेडिओवर काय बोललो ते मी शब्दशः सांगितलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, रकाना कोरा होता तर तुम्ही 'मोकळा' कशावरून म्हणालात? म्हटलं, "अंदाजाने." इतक्या वर्षांत हा शब्द मी हाताखालच्या एकाही माणसाला वापरू दिला नाही.

नर्सबाईंना चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. त्यांनी परवानगी घेऊन एकच विचारलं. "तुम्ही रेडिओवर 'मला दिसत नाही' एवढंच का नाही म्हणालात? आम्ही परत फिरलो असतो." मी म्हटलं, जमलं नाही. त्यांनी मान हलवली. ते पटल्याचं होतं की नाही, तेही मला नीट दिसलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मेव्हणे शेजारी येऊन उभे राहिले. एका कुबडीवर भार देऊन दुसऱ्या हाताने त्यांनी मला पायरी दाखवली.

मी तुला लिहिलं होतं, ऐकायचं असतं तेच ऐकू येतं. हे वाक्य मी खोटं आहे हे माहीत असताना लिहिलं. बाकीचं भीतीने झालं, हे मी ठरवून केलं.

घर सोडलं. इथे दोन खोल्या घेतल्या आहेत. पुढच्या महिन्यात एका डोळ्याची शस्त्रक्रिया.

दादा

---

८ एप्रिल

दादा,

तुझा डोळा चांगला झाला, असं वहिनीने कळवलं. तिचं पत्र मी दोनदा तपासलं, तू तिला लिहायला लावलं आहेस का ते बघायला. मला आता ही सवयच लागली आहे. छापखान्यात नव्या मुलीने एक प्रूफ अगदी स्वच्छ वाचून आणलं, तर मी तिला विचारलं, खरंच वाचलंस का. ती रडवेली झाली.

निकाल आला. ह्यांच्यावर ठपका नाही. परवाना परत मिळाला. तुला निवृत्त केलं, एवढ्यावर भागवलं, ते वाचून हे म्हणाले, बरं झालं. मला बरं वाटलं की नाही, मला सांगता येत नाही. नर्सबाई दांड्यांना धरून मिनिटभर उभ्या राहतात. पुढे काय, ते डॉक्टर सांगत नाहीत. त्यांची आई आता ह्यांच्याशी बोलते. परवा तिने माझ्याकडे तुझा पत्ता मागितला. कशाला, ते मी विचारलं नाही. दिला.

काल ह्यांनी पहिलं उड्डाण केलं. मी धावपट्टीच्या कुंपणाशी उभी होते. तिथल्या रेडिओवर सगळं ऐकू येत होतं. खिंडीजवळ पोचल्यावर ह्यांनी विचारलं, माथा कसा आहे. तुझ्या जागी आलेल्या त्या नव्या निरीक्षकाने सांगितलं, मोकळा आहे. आवाज स्पष्ट होता. ह्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, अगदी मोकळा, आत्ता बाहेर उभा राहून बघतोय. मग काही क्षण नुसती खरखर. आणि मग हे म्हणाले, "ठीक आहे, मी वळसा घालून जातो." पन्नास मिनिटं जास्त लागली. आभाळात कुठेही, क्षितिजापर्यंत, काही नव्हतं.

घरी आल्यावर हे जेवताना आपणहून म्हणाले, त्या माणसाचा काही दोष नाही, तो बरोबरच सांगत होता. थोड्या वेळाने म्हणाले, दादांना लिही, माझ्या मनात राग नाही, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की दोघं इकडे या.

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तुम्ही या. मी दार उघडेन, चहा करेन, वहिनीशी बोलेन. तुझ्याशी काय बोलायचं ते मला अजून सापडलेलं नाही, आणि सापडल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

बारकी